घरची वाणी व बाहेरची वाणी

मागील महिन्यांत शेजारच्या एका गांवीं दोघां भावांमध्यें शेताच्या बांधावरून तंटा पडला होता. तेथें आमचें जाणेंयेणें असल्यामुळें मध्यस्थीकरितां आम्हांस बोलावणें आलें. थोरल्या भावानें आम्हांसही दोन अपशब्द ऐकविले; तथापि आम्हीं तोंडांतून एकही कठोर शब्द निघूं दिला नाहीं. शेवटीं दोघे भाऊ एका ओट्यावर बसून चहा प्याले, आणि आम्हीं मोठ्या समाधानानें घरची वाट धरिली. घरीं पोंहोंचतों तों रात्र झालेली. ताटांतील भाकरी गार होती व वांग्याच्या भाजींत मीठ कमी होतें. "तुला एक काम धड होत नाहीं," असें आम्ही बोलून गेलों. पत्नीनें उत्तर केलें नाहीं. तिनें मिठाचें भांडें पुढें सरकविलें व ती निजावयास गेली.

गोष्ट कदाचित् येथेंच संपली असती. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमची सहा वर्षांची मुलगी ओसरीवर चिंधीच्या बाहुलीस जेवूं घालीत होती. बाहुली आडवी पडली, तशी ती तिला म्हणाली, "तुला एक काम धड होत नाहीं!" शब्द आमचे होते, आणि आवाजही आमचाच होता. आम्ही तसेच दारांत उभे राहिलों. वाचकहो, त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं, तो आज आपणांपुढें ठेवितों. बांधावर शांत राहणारा मनुष्य खरा, कीं ताटावर बसून टोंचून बोलणारा खरा?

यावर पुष्कळ जण असें म्हणतील कीं, "घरांतला मनुष्यच खरा. बाहेर सर्वांनाच सोंग आणावें लागतें. घरांत तरी मन मोकळें करूं द्या." ह्या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे. दिवसभर ओझें वाहिलेल्या मनुष्यास तें उतरावयाला एक जागा लागते, आणि घर ही ती जागा होय. जेथें थकलों असें म्हणतां येत नाहीं, तें घर कसलें? परंतु ओझें उतरविणें वेगळें आणि तें दुसऱ्याच्या डोक्यावर आदळणें वेगळें.

"राग आला, आवरला नाहीं," असें आपण म्हणतों. हें कितपत खरें आहे, तें पाहूं. कचेरींत साहेबानें आपणांस तिष्ठत ठेविलें, तर तेथें राग आवरतो. सावकारानें चारचौघांत टोंकलें, तर तेथेंही आवरतो. एस. टी. मध्यें अनोळखी मनुष्यानें पायावर पाय दिला, तरी बहुधा आपण सांवरून घेतों. म्हणजे राग आवरण्याची शक्ति आपणांपाशीं आहे. मग ती उंबरठ्याच्या आंत येतांच कोठें जाते? आम्हांस असें वाटतें कीं, ती कोठेंही जात नाहीं. आपणच ती खुंटीला अडकवून ठेवितों. बाहेर रागाची किंमत भरावी लागते. घरांत ती लागत नाहीं असें आपण गृहीत धरितों. पत्नी उठून कोठें जाणार? लेंकरें काय करणार? तेव्हां घरांतील राग हा मोकळेपणा नसून पुष्कळदां दुर्बळावर चालविलेला अंमल असतो. हें कबूल करणें कठीण आहे, पण केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

तर मग घरांत कोणीं तक्रारच करूं नये काय? तसें नाहीं. "आज भाजी अळणी झाली," हें भाजीविषयीं बोलणें झालें. "तुझ्या हाताला कधींच चव नसते," हें मनुष्याविषयीं बोलणें झालें. पहिल्यानें चिमूटभर मीठ येतें व गोष्ट संपते. दुसऱ्याला औषध नाहीं, कारण त्यांत दहा वर्षांच्या सर्व भाकऱ्या एकाच शब्दानें फेंकून दिल्या जातात. "नेहमींच" व "कधींच" हे दोन शब्द आमच्या घरांतून जर हद्दपार झाले, तर अर्धीं भांडणें उपाशी मरतील. आणि हें केवळ पुरुषांसच लागू आहे असें नव्हे. शेजारणीच्या नवऱ्याचे गुण आपल्या नवऱ्यास ऐकविणें, किंवा तीन दिवस अबोला धरून भांडीं आपटणें, हीही त्याच रोपाचीं फळें आहेत.

आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. आपण ज्यास स्वभाव म्हणतों, तो पुष्कळदां थकवा असतो. २०१९ सालीं भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें लोक आपला दिवस कसा घालवितात याची पाहणी केली. सहा वर्षें व त्यावरील वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ८१ जणी बिनमोल घरकाम करितांना आढळल्या. पुरुषांपैकीं मात्र सुमारें २६ जणच. हें काम करणाऱ्या स्त्रियांचीं दिवसाचीं सरासरी २९९ मिनिटें त्यांत जात होतीं, व पुरुषांचीं ९७. म्हणजे तिच्या जवळजवळ पांच तासांसमोर आपला दीड तास, आणि तोही शंभरांतील चौथ्या भागाचाच! असें असतां नुसतें गोड बोलून काय होणार? ज्या घरीं हंडा उचलावयास दुसरा हात पुढें येतो, तेथें गोड शब्द आपोआप सुचतात. आम्हीं त्या रात्रीं भाजींतील मीठ मोजलें. पण त्या दिवशीं तिनें किती खेपा पाणी आणिलें, तें मोजलें नाहीं.

संसारांतील खटके व प्रीति यांचें नातें पाहावयाचें असेल, तर रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचें उदाहरण आपल्या परिचयाचें आहे. टिळक प्रेमळ कवि, तसेच तापट; हात इतका सढळ कीं उद्यां घरांत काय शिजेल याची चिंता त्यांस नसे. ती चिंता लक्ष्मीबाईंच्या वांट्यास आली. १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां कांहीं काळ दोघांची ताटातूट झाली. पुढें तीं पुन्हां एकत्र आलीं, व १९०० सालीं लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला. टिळक १९१९ सालीं वारले. १९३४ पासून लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांत त्यांनीं पतीस देव्हाऱ्यांत बसविलें नाहीं, कीं कोर्टांत उभें केलें नाहीं. त्याचा राग, त्याची माया, स्वतःचा हट्ट, स्वतःच्या फजित्या, हें सर्व त्या हंसत सांगतात. पतीनें अपुरें ठेविलेलें 'ख्रिस्तायन' हें काव्य पुढें त्यांनींच शेवटास नेलें. भांडणें झालीं म्हणून संसार फुकट गेला असें नव्हे, इतकें यावरून दिसतें. परंतु पत्नी हंसून सोसते, म्हणून पतीस रागावण्याचा परवाना मिळाला, असा अर्थ कोणीं काढूं नये. हंसणें हें तिचें मोठेपण. तें आपलें समर्थन होऊं शकत नाहीं.

तसेंच, हंसण्याच्या खटक्यांत मारहाण बसत नाहीं. ज्या घरीं हात उगारला जातो, तेथें "संसारांत असें चालायचेंच" म्हणणारा शेजारी त्या पापाचा वांटेकरी होतो. २००५ सालीं झालेल्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानें मारणेंच नव्हे, तर अपमानाच्या व शिवीगाळीच्या शब्दांनीं छळणें हेंही हिंसेंत धरिलें आहे. गांवांत असें घर असेल, तर तेथें उपदेशाअगोदर मदत पोंहोंचली पाहिजे.

आतां आमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळूं. खरा मनुष्य कोणता? आमचें उत्तर असें कीं, दोन्ही आम्हीच. परंतु बांधावरचा मनुष्य घरीं आणणें आमच्या हातीं आहे, आणि न आणिला तर त्याची बाहेरची शांति ही उसनवारीची आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत पौलानें रागास सूर्यास्तापर्यंतचीच मुदत दिली आहे. आमची मुदत त्या रात्रीं टळून गेली होती. तरी सकाळीं आम्ही चुलीपाशीं गेलों व म्हणालों, "अगं, काल मी बोललों तें चुकलें." मुलगी बाहुली घेऊन दारांतच उभी होती, तिच्यादेखत म्हणावें असें आम्हांस वाटलें, कारण कालचे शब्दही तिनें ऐकिले होते.

पत्नी भाकरी थापीत होती. तिनें वर न पाहतांच विचारलें, "अहो, पण त्या भावांचा तंटा मिटला का?" तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, रात्रीं ती तेंच ऐकावयास जागी बसली होती. आम्हीं तिला सर्व हकीकत सांगितली, व सांगतां सांगतां तिच्या शेजारची रिकामी घागर उचलून पाण्यास निघालों. मुलगी बाहुलीसह मागें आली.