बदलीच्या गावची बाग

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मराठी माणसाने घर सोडताना स्वतःच्या समाधानासाठी रचली असावी, असे कधी कधी वाटते. कोठेही गेले तरी जग सारखेच, असा तिचा अर्थ आपण करतो आणि बदलीचा हुकूम हाती पडला की तोच एकमेकांना ऐकवितो. पण म्हणीतला पळस हा खराखुरा वृक्ष आहे. फरीदाबादच्या पश्चिमेला अरवलीच्या ज्या टेकड्या पसरल्या आहेत, त्यांच्या आश्रयाने तो आजही फुलतो आणि तेथेही त्याला पाने तीनच असतात. मात्र त्याच्या भोवतालचे सारे निराळे आहे: पाऊस निराळा, वारा निराळा, जमिनीखालचे पाणी निराळे. म्हण पळसापुरती खरी आहे. भूमीला ती लागू पडत नाही. जेथे आपण तीन-चार वर्षांपुरते आलो आहोत, तेथल्या मातीत आपण काय लावावे, हा प्रश्न या फरकातून उभा राहतो. वरवर तो बागकामाचा दिसतो. थोडा खोल विचार केला, तर तो कर्तव्याचा आहे.

कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत हा प्रश्न इतका टोचत नाही. तेथे भिंतीच्या फटीतही पिंपळ उगवतो आणि माणसाच्या चुका पाऊस झाकून टाकतो. फरीदाबादेत वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जुलै ते सप्टेंबर एवढ्यातच आटोपतो. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, पश्चिमेकडून लू वाहते, आणि जानेवारीच्या रात्री तोच पारा चार-पाच अंशांवर येतो. हा प्रदेश वाळवंट नव्हे, पण वाळवंटाच्या उंबरठ्यावर आहे. थरची वाळू आणि यमुनेचे खोरे यांच्यामध्ये उभी असलेली अरवलीची जुनी, झिजलेली रांग हीच त्याची भिंत. अशा ठिकाणी एका झाडाला दिलेले पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे असते. केंद्रीय भूजल मंडळाचे मुख्यालय याच शहरात आहे आणि एके काळी दिल्लीकरांचे सहलीचे ठिकाण असलेला बडखलचा तलाव याच शहराच्या कडेला या शतकाच्या आरंभी कोरडा पडला. इतक्या जवळ उभी असलेली ही दोन ठिकाणे पाहून मनुष्याने बागेचा विचार करावा.

परमुलुखात गेलेल्या माणसाला पहिला मोह होतो तो घर पुन्हा उभारण्याचा. निवासस्थानाच्या मागच्या अंगणात केळ हवी, अळू हवे, कर्दळ हवी, पुढे हिरवळीचा चौकोन हवा. या मोहाची थट्टा करणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. ज्याला आपल्या गावची आठवण येत नाही, तो दुसऱ्याच्या गावावर प्रेम करील, याचा भरवसा काय? तरीही थोडा हिशेब केलाच पाहिजे. हिरवळीच्या एका चौरस मीटरला उन्हाळ्यात दररोज पाच लिटर पाणी धरले, तरी शंभर चौरस मीटरला पाचशे लिटर लागते. शहरातील माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असा आपल्याच शासनाचा दंडक आहे. म्हणजे साहेबांच्या बंगल्यापुढची बेताची हिरवळ जवळजवळ चार माणसांचे पाणी पिते. ती चार माणसे कोण, हे आपल्याला ठाऊक नसते. टँकरपुढे रांगेत उभ्या असलेल्यांपैकी ती असतील, एवढेच म्हणता येते.

यावर तोड अगदी साधी आहे. आठवण कुंडीत ठेवावी आणि जमीन जमिनीला द्यावी. तुळशीला तांब्याभर पाणी पुरते आणि पौषातल्या थंडीत रात्रीपुरता आडोसा मिळाला की ती तग धरते. मोगऱ्याची एक कुंडी व्हरांड्यात चालते. एवढ्यावर घराचा गंध टिकतो. उरलेल्या अंगणावर मात्र आपल्या आठवणींचा हक्क नाही.

दुसरा मोह याहून कठीण, कारण तो सद्गुणाचा वेष घेऊन येतो. आपल्या कारकिर्दीत काही तरी हिरवे झालेले दिसावे, ही अधिकाऱ्याची इच्छा असते. ती वाईट नव्हे, पण तिच्यापायी झालेल्या अनर्थाचा इतिहास या टेकड्यांवर उघडा पडला आहे. आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात आणि दिल्लीकडे विलायती कीकर, ती मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील प्रदेशांतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हिंदुस्थानात आली. नवी दिल्ली वसविताना उजाड रिजवर हिरवे आच्छादन हवे होते, तेथे ती लावण्यात आली. जोधपूर संस्थानाने तर १९४० मध्ये तिला राजमान्यता दिली. पुढे १९९० च्या दशकात युरोपीय समुदायाच्या साहाय्याने हरियाणाच्या अरवलीत वनीकरणाची मोठी योजना झाली, तीतही हीच बाभूळ मुबलक लावली गेली. पाणी नको, राखण नको, बकऱ्या पाने खात नाहीत, आणि दोन-तीन वर्षांत डोंगर हिरवा! अहवाल लिहिणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

डोंगर हिरवा झाला खरा, पण त्या हिरव्याखाली फारसे दुसरे काही उगवेना. शेंगा गुरांनी खाल्ल्या, बिया त्यांच्या शेणातून शेतोशेती पोहोचल्या आणि देशी झाडांची जागा हळूहळू आक्रसत गेली. याला न्यायाची दुसरी बाजूही आहे. याच बाभळीने कितीएक गरिबांच्या चुली पेटविल्या आहेत, हे विसरता येत नाही. ती लावणाऱ्यांचा हेतूही दुष्ट नव्हता. त्यांनी भूमीला विचारले नाही, एवढाच त्यांचा दोष. आणि भूमीचे उत्तर यायला जेवढा काळ लागतो, तेवढा काळ त्यांच्यापैकी कोणीही त्या जागी राहिला नाही. परदेशांतून येणाऱ्या बी-बियाण्यांची, रोपांची तपासणी करणारे वनस्पती संरक्षण व संगरोध संचालनालय आज फरीदाबादेतच आहे, आणि पश्चिमेच्या टेकड्यांवर विलायती कीकर दाट माजला आहे. हा दैवाचा विनोद म्हणावा, तर तो फार महाग पडला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘परके ते वाईट’ असे सूत्र या कथेतून कोणी काढील, तर ते चूक ठरेल. ज्या चिंचेवाचून आपली आमटी होत नाही, ती मूळची आफ्रिकेची. मिरची, पेरू, पपई, सीताफळ अमेरिका खंडातून आली. दाराशी फुलणारा गुलमोहर मादागास्करचा. शिवाय झाडांविषयी बोललेला शब्द माणसांवर घसरायला वेळ लागत नाही, आणि परप्रांतात राहणाऱ्या आपण मंडळींनी तरी ही गोष्ट क्षणभरही विसरू नये. ज्या फरीदाबादेविषयी आपण बोलत आहो, ते आजचे औद्योगिक नगर फाळणीनंतर, १९४९ पासून, वायव्य सरहद्द प्रांतातून मुळासकट उपटल्या गेलेल्या निर्वासितांनी बरेचसे स्वतःच्या हातांनी उभारले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने निघालेल्या सहकारी संघाने त्या कामात भाग घेतला होता. ते लोक येथले नव्हते, येथले झाले. म्हणून झाड कोठून आले, ही कसोटी अपुरी आहे. ते आल्यावर शेजाऱ्याला जगू देते की नाही, हे पाहिले पाहिजे. चिंचेने जगू दिले. वेडी बाभूळ या भूमीत तसे वागली नाही.

जगू देण्याचा अर्थ काय, हे पाहावयाचे तर या बाभळीच्याच नात्यातल्या शमीकडे पाहावे. राजस्थान-हरियाणात तिला खेजडी, जांटी म्हणतात. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच ही. मराठी कुटुंबे परगावी शमीची पाने शोधीत हिंडतात. फरीदाबादच्या परिसरात ती त्यांच्या घरच्यापेक्षाही अधिक आपल्या घरी आहे. शमीची मुळे खूप खोल जातात, म्हणून वरच्या थरातल्या ओलाव्यासाठी ती पिकाशी भांडत नाही. शेतकरी तिला शेतात राखतो, कारण तिच्याखाली बाजरी चांगली येते. पाला जनावरांना, शेंगा माणसांना. पण लावल्यावर पहिली काही वर्षे वर फारसे काही दिसत नाही. तिचे सारे काम खाली चाललेले असते. असे झाड कोणत्या वार्षिक अहवालात शोभणार?

शमीसारखाच धौ. आपल्या धावड्याचा हा भाऊ. धावड्याचा डिंक आपल्या बाळंतिणींच्या लाडवांत असतो. धौचे बी क्वचितच रुजते. बकऱ्यांनी ओरबाडले, तर तो जमिनीला चिकटून सतरंजीसारखा पसरतो आणि वर्षानुवर्षे वाट पाहतो; राखण मिळाली की उभा राहतो. असा उभा राहिलेला धौ पाहावयाचा, तर फरीदाबाद जिल्ह्यातल्या मांगर बनीत जावे. मांगर, बंधवाडी, बलियावास या गावांतील गुर्जरांनी गुदडिया बाबांच्या श्रद्धेने ही देवराई पिढ्यान्‌पिढ्या राखली. तेथली फांदी तोडणाऱ्याला शासन होते, अशी त्यांची भावना आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००९ मध्ये या टेकड्यांतील खाणींना आवर घातला आणि २०१६ मध्ये हरियाणा शासनाने बनीभोवती पाचशे मीटरचा बांधकाममुक्त पट्टा ठरविला. पण त्याआधी कित्येक पिढ्या केवळ ‘तोडू नये’ एवढ्या एका संकोचाने ते रान वाचले होते. वृक्षारोपणाचे समारंभ आपण पुष्कळ करतो. हात आवरण्याचा समारंभ होत नाही, म्हणून त्याचे मोल आपल्या ध्यानी येत नाही.

बिघडलेले सुधारताही येते. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी २००६ पासून प्रदीप कृष्ण यांनी खडकात रुतलेली वेडी बाभूळ दगडफोड्यांच्या हातोडा-छिन्नीने मुळांसह काढविली आणि त्याच खड्ड्यांत मरुभूमीची झाडे लावली. फरीदाबादेच्या शेजारी गुडगावात खाणींनी पोखरलेल्या टेकड्यांवर २०१० नंतर नागरिकांनी अरवलीची देशी झाडे वाढविली. पण दोन्ही ठिकाणी बिया आधी रानात हिंडून शोधाव्या लागल्या, कारण ही झाडे रोपवाटिकांत मिळतच नव्हती. ज्याला कोणी मागत नाही, ते कोणी विकत नाही.

मग बदलीवर आलेल्या माणसाने करावे काय? निवड अवघड नाही. सावलीसाठी शमी, कडुनिंब, हिवर. फुलांसाठी पळस, रोहिडा, वायवर्ण. कुंपणाला अडुळसा, ज्याला बकरी तोंड लावीत नाही. रोप लहान घ्यावे. मोठे झालेले रोप कुंडीत मुळे गुंडाळून बसलेले असते. पहिला चांगला पाऊस झाला की लावावे. भोवती रुंद आळे करावे, त्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन द्यावे आणि खोडाशी ते चिकटू देऊ नये. खरी परीक्षा पाणी देण्यात आहे. माळी प्रेमाने रोज थोडे थोडे शिंपतो. त्यामुळे मुळे वरच राहतात आणि झाड कायमचे परावलंबी होते. त्याऐवजी आठ-दहा दिवसांनी एकदाच, पण खोलवर मुरेल इतके पाणी द्यावे, म्हणजे मुळे ओलाव्याच्या मागे खाली जातात. दुसऱ्या उन्हाळ्यात हे अंतर वाढवावे आणि तिसऱ्यात झाडाला त्याच्या नशिबावर सोडण्याइतके बळ आलेले असावे. एका बदलीचा काळही साधारण एवढाच असतो.

या योगायोगात मला या साऱ्या विचाराचे सार दिसते. कोरड्या मुलुखात झाडाची उत्तम निगा तीच, जिच्यामुळे निगा राखणाऱ्याची गरज उरत नाही. आपण गेल्यावर जे कोमेजते, ते आपण स्वतःसाठी लावलेले असते. मुले, हाताखालची माणसे, आपण चालविलेली कचेरी, यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. पण तो विस्तार वाचकांवर सोपवितो.

पुढे येणारा अधिकारी ते झाड तोडून मोटारीसाठी छप्पर घालील, त्याचे काय? घालीलही. कर्तव्याला फळाची हमी लागत असती, तर जगात चिंचा कोणी लावल्याच नसत्या. पांडवांची गोष्ट आपण दरवर्षी दसऱ्याला आठवतो. अज्ञातवासाचे एक वर्ष त्यांनी विराटाच्या राज्यात काढले. ते नगर अरवलीतच होते, असे परंपरा सांगते. परक्या राजाच्या पदरी नोकरी करावयाची, नाव सांगावयाचे नाही, वर्ष संपताच निघावयाचे. तेथे शिरण्यापूर्वी आपली शस्त्रे त्यांनी शमीवर ठेवली. ती त्यांनी लावलेली नव्हती. त्या गावच्या कोणी तरी, नाव मागे न ठेवता, ती लावली होती किंवा निदान तोडली नव्हती.