मुक्त होतो तो कोण?

मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, हे बहुतेक सर्व दर्शनांना मान्य आहे. सुटल्यावर कोण उरतो, यावर मात्र त्यांचे एकमत नाही. बृहदारण्यक उपनिषदात हा पेच मैत्रेयीने मांडला आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत आणि मैत्रेयी व कात्यायनी या दोन पत्नींमध्ये वाटणी करायची आहे. धनाने भरलेली सगळी पृथ्वी मिळाली तर त्याने आपण अमर होऊ का, असे मैत्रेयी विचारते. उत्तर नकारार्थी येते, तेव्हा ती धनाऐवजी अमृतत्वाचे ज्ञान मागते.

याज्ञवल्क्य मिठाच्या खड्याचा दाखला देतात. पाण्यात विरघळलेला खडा वेगळा काढता येत नाही, पाणी मात्र कुठूनही घेतले तरी खारट लागते. तसे त्या अनंत चैतन्यात विलीन झालेल्याला वेगळी जाणीव उरत नाही. आपण मला गोंधळात टाकलेत, असे मैत्रेयी इथे स्पष्ट सांगते आणि तिचा गोंधळ अगदी रास्त आहे. जाणीवच उरणार नसेल, तर अमृतत्व मिळाले कोणाला? याज्ञवल्क्यांचे उत्तर असे, की जिथे दोन असतात तिथे एक दुसऱ्याला पाहतो, ऐकतो, ओळखतो. सगळेच आत्मरूप झाल्यावर कोणी कोणाला पाहायचे, आणि जाणणाऱ्याला कशाने जाणायचे? थोडक्यात, संपते ती दुसऱ्याची जाणीव. जाणणारा संपत नाही.

नैयायिकांनी वेगळी वाट धरली. गौतमांच्या न्यायसूत्रांत अपवर्ग म्हणजे दुःखाची कायमची निवृत्ती. मोक्षात सुखही नाही काय, असे विचारले तर भाष्यकार वात्स्यायनांचा युक्तिवाद पुढे येतो: सुखाच्या ओढीने मोक्षामागे लागावे, तर ती ओढ हेच बंधन. ज्ञान, सुख, इच्छा हे आत्म्याचे गुण मनाच्या संयोगाने उपजतात. तो संयोग तुटला की तेही जातात. मग मुक्त आत्म्यात आणि दगडात फरक काय? श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरित’ या महाकाव्यात सतराव्या सर्गातला चार्वाकपक्षी याच मुद्द्यावर गौतमांची टर उडवतो. न्यायाची मांडणी तर्काला धरून आहे, पण मैत्रेयीला तिने समाधान मिळाले नसते.

खरा वाद शांकर आणि रामानुज या दोन वेदान्तांत आहे. त्यांचे युक्तिवाद समोरासमोर ठेवले, तर संवाद साधारण असा होतो.

रामानुजपक्षी म्हणतो, “मोक्षात ‘मी’च नाहीसा होणार असेल, तर त्यासाठी खटपट कोण करील? मोक्षाचा विषय निघताच माणूस तिथून काढता पाय घेईल.”

अद्वैती उत्तरतो, “नाहीसा होतो तो अहंकार. गाढ झोपेत तोही नसतो. तरी उठल्यावर आपण म्हणतोच, की सुखाने झोपलो होतो. अहंकार नसतानाही साक्षी जागा असतो.”

“पण ‘झोपलो होतो’ असे म्हणणारा ‘मी’च ना? झोपेतही तोच होता, म्हणून तर त्याला आठवते.”

एकाच झोपेची साक्ष दोन्ही पक्ष काढतात, आणि ‘मी’ म्हणजे काय हे ठरल्याखेरीज मोक्षाचा निवाडा होणार नाही, हे इथे उघड होते. अद्वैती मग जीवन्मुक्ताकडे बोट दाखवतो: देह आहे, व्यवहार आहे, ‘माझे’पण गळालेले आहे. रामानुजपक्षाला हे मान्य नाही. ज्ञानाने अविद्या गेली म्हणता, मग देह कसा राहिला? अद्वैती प्रारब्धकर्माचा आधार घेतो; ते भोगून संपेपर्यंत देह टिकतो. हा आधार तितकासा भक्कम नाही. सर्व कर्मे जाळणारे ज्ञान नेमके प्रारब्धापाशी का थांबते, हा प्रश्न उरतोच. रामानुजांच्या मते मुक्ती देहपातानंतरच येते, आणि मुक्त जीव भगवंताचा दास म्हणून, स्वतःची ओळख राखून, आनंद भोगतो.

महाराष्ट्रातील संतांनी हा पेच आणखी वेगळ्या बाजूने हाताळला. ज्ञानेश्वर अद्वैती आहेत, तरी ‘अमृतानुभवा’च्या नवव्या प्रकरणात ऐक्यातही भक्ती नांदते असे ते सांगतात, देव आणि भक्त एकरूप झाले म्हणून भजन थांबत नाही. तुकाराम त्याहून रोखठोक आहेत. मुक्ती नको, पुन्हा जन्म दे, पण नामाचा विसर आणि संतांची ताटातूट होऊ देऊ नकोस, असे ते विठ्ठलाकडे मागतात. सगळ्या शास्त्रांनी ज्या फेऱ्याला दुःख मानले, तोच त्यांनी मागून घेतला. प्रेम उरत नसेल तर ती सुटका त्यांना नको होती. मोक्षाची व्याख्या करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तुकारामांच्या या नकाराला उत्तर दिले पाहिजे.