रक्षणाचे ऋण : कळमनुरीचा व्यापारी आणि परमुलखातील हक्क

मनुष्य ज्या भूमीत जन्मला त्या भूमीच्या राजाने त्याचे परमुलखातही रक्षण करावे, हा त्या मनुष्याचा हक्क आहे की राजाची कृपा, हा प्रश्न घर न सोडणाऱ्याला सहसा पडत नाही. परंतु माल घेऊन परक्या बंदरात उतरणाऱ्या व्यापाऱ्याची पत, त्याची मालमत्ता आणि प्रसंगी त्याचे स्वातंत्र्यही या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. कळमनुरी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. इंग्रजी कायद्यानुसार ब्रिटिश राजाच्या मुलखात जन्मलेला तो ब्रिटिश प्रजाजन, आणि १९१४ च्या राष्ट्रीयत्वविषयक कायद्यानेही हेच तत्त्व कायम ठेवले. संस्थाने त्या मुलखात मोडत नसल्यामुळे मुंबईत जन्मलेला व्यापारी ब्रिटिश प्रजाजन ठरे, तर कळमनुरीत जन्मलेला ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’, म्हणजे ब्रिटिश राजाची प्रजा नसलेला, पण परदेशात त्याच्या वकिलातीच्या छत्राखाली येणारा मनुष्य. निजामाला परराष्ट्रांशी स्वतंत्र संबंध ठेवता येत नसल्यामुळे या व्यापाऱ्याचा स्वतःचा राजा त्याच्यासाठी परदेशात शब्दही टाकू शकत नव्हता.

पैनगंगा नदीपलीकडच्या वऱ्हाडातली स्थिती याहून विचित्र होती. हिंगोलीसारख्या छावण्यांत राहणाऱ्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला गेला आणि १९०२ मध्ये तो त्यांना कायमच्या पट्ट्याने मिळाला. तरीही त्यावरील निजामाचे सार्वभौमत्व, निदान कागदावर, अबाधित राहिले. त्यामुळे पुसद किंवा उमरखेड येथे जन्मलेला मनुष्य सारा इंग्रजी कचेरीत भरत असला, तरी ती भूमी कायद्याच्या काटेकोर अर्थाने ब्रिटिश राजाची नव्हती. कर घेणारा एक आणि धनी म्हणवणारा दुसरा, अशा ठिकाणी रक्षणाचे ऋण कोणाच्या शिरावर येते, याचा उलगडा केवळ जन्मस्थान पाहून होत नाही.

धर्मशास्त्राने या प्रश्नाच्या एका बाजूचा खोलवर विचार केला आहे आणि दुसरीकडे जवळजवळ पाठ फिरवली आहे. राजा उत्पन्नाचा षड्भाग, म्हणजे सहावा हिस्सा, घेतो तो रक्षणाच्या मोबदल्यात, आणि चोरीला गेलेले धन परत मिळवता आले नाही तर त्याने ते आपल्या कोशातून भरून द्यावे, ही स्मृतिकारांची भूमिका रक्षणाला कृपेच्या नव्हे तर देण्याच्या कोटीत बसवते. मात्र बौधायन धर्मसूत्र समुद्रप्रवासाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत करते आणि पुढील निबंधकारांनी तो कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात टाळावयाच्या आचारांत, घातला. जो जाऊच नये असे ठरले, त्याच्या परदेशातील हक्काची चिकित्सा कोण करणार? व्यापारी अर्थातच जात राहिले.

इंग्रजी विचारही मुळात रक्षणाच्या अशाच देवाणघेवाणीवर उभा होता, कारण १६०८ च्या कॅल्व्हिन खटल्यात न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी प्रजेची निष्ठा आणि राजाचे रक्षण ही परस्परांना बांधलेली असल्याचे मांडले होते. पण हे बंधन नको असेल तेव्हा व्यापारी ते झटकूनही टाकत, असे झांझिबारमध्ये दिसले. तेथे १८६० मध्ये ब्रिटिश वकील रिग्बी यांनी ब्रिटिश छत्राखालील हिंदी व्यापाऱ्यांना त्यांचे गुलाम मुक्त करण्यास भाग पाडले, तेव्हा कच्छ संस्थानातून आलेल्या अनेकांना आपण ब्रिटिश अखत्यारीत नसून झांझिबारच्या सुलतानाच्या अखत्यारीत आहोत असे म्हणणे सोयीचे वाटू लागले. अखेर कच्छच्या रावांनीच आपल्या तेथील प्रजेवरील अधिकार इंग्रजांकडे सोपवला. गुलामगिरी मोडण्याचा हेतू निःसंशय चांगला होता, परंतु एका राजाने आपली माणसे त्यांना न विचारता दुसऱ्याच्या हवाली करावीत, यात त्या माणसांचा हक्क कोठेच नव्हता. दुसरीकडे, गुलाम राखता यावेत म्हणून छत्र बदलू पाहणाऱ्या व्यापाऱ्याची बाजूही न्यायाची म्हणवत नाही. ज्या माणसाला त्याने गुलाम केले होते, त्याला कोणत्याच राजाचे छत्र नव्हते, ही गोष्ट हक्कांची चर्चा करणाऱ्या दोन्ही पक्षांनी मागे टाकली.

दक्षिण आफ्रिकेत जन्माचा दावाही अपुरा पडला. ट्रान्सवालच्या १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने आशियाई लोकांना नागरिकत्वाचे हक्क नाकारले आणि जमीनमालकीवर बंधने घातली. तो व्यापारी कोणत्या राजाची प्रजा, यापेक्षा तो कोणत्या वंशाचा, हेच तेथे निर्णायक होते. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी १८९३ मध्ये तेथे गेलेले गांधीजी आणि ती पेढी काढणारे व्यापारी, दोघेही पोरबंदर या संस्थानातले. तरीही १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याचा आधार घेऊन समान वागणुकीची मागणी झाली, आणि १९१२ मध्ये तेथे गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी संस्थानी की ब्रिटिश मुलखातला असा भेद न करता सर्वच हिंदी लोकांची बाजू मांडली. कायद्याच्या बारकाव्यापेक्षा ही भूमिका अधिक खरी होती. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९५ मध्येच परक्या भूमीत शत्रू न समजला जाण्याचा हक्क पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला असल्याचे प्रतिपादिले होते. तो भेटीचा हक्क होता, वस्तीचा नव्हे, आणि व्यापाऱ्याला बव्हंशी तेवढाच हवा असतो.

२६ जानेवारी १९५० रोजी कळमनुरीचा रहिवासी मुंबईकराच्या बरोबरीने भारताचा नागरिक झाला, तरी कृपा की हक्क हा वाद मिटला नाही, कारण पासपोर्ट देणे अथवा काढून घेणे ही आपल्या मर्जीची बाब आहे, असे स्वतंत्र भारताचे सरकारही मानत राहिले. मोटारींच्या सुट्या भागांची आयात-निर्यात करणारे सतवंत सिंग साहनी या व्यापाऱ्याने त्याविरुद्ध दाद मागितली आणि एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने परदेशप्रवास हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. पासपोर्ट देण्या-नाकारण्याचे नियम घालणारा कायदा संसदेने त्यानंतर, त्याच वर्षी, केला.