जडेजा गेला तेव्हा

चेपॉकजवळ वालाजा रोडवर मामा आणि मी कॉफीला थांबलो. चेन्नईनं जडेजाला सोडलं, हे मामाच्या मनातून जाईना.

"बारा हंगाम पिवळ्या जर्सीत खेळला. २०२३ ला अहमदाबादच्या आयपीएल फायनलमध्ये दोन चेंडूंत दहा हव्या होत्या; त्यानं षटकार मारला, चौकार मारला. आणि त्यालाच राजस्थानला देऊन संजू सॅमसनला आणलं!"

"संजूनंच राजस्थानकडे सुटका मागितल्याच्या बातम्या होत्या ना? मन उडालेल्याला बांधून ठेवायचं का?"

"नको. पण त्याच्या इच्छेची किंमत कुणी मोजली? संजूचे १८ कोटी कायम राहिले, जडेजाचे १८ चे १४ झाले. त्याच व्यवहारात सॅम करनही गेला."

"जडेजाच्या संमतीशिवाय हे झालं नसतं, मामा."

"आपलाच संघ आपल्याला द्यायला निघालाय, हे कळल्यावर कोण नाही म्हणेल पोरी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं मी म्हटलं, "हाच जडेजा २०१० मध्ये वर्षभर आयपीएलबाहेर होता. राजस्थानच्या नव्या करारावर सही न करता परस्पर दुसऱ्या संघांशी बोलला, म्हणून बंदी. त्याच वर्षी जुलैत बास्केटबॉलचा लेब्रॉन जेम्स करार संपताच क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला, तेही टीव्हीवर जाहीर करून. चाहत्यांनी जर्सी जाळल्या, पण त्याला अडवता आलं नाही. त्याच्या आधीचा बास्केटबॉलपटू ऑस्कर रॉबर्टसननं १९७० मध्ये कोर्टात दावा लावला होता. १९७६ च्या तडजोडीनं करार संपल्यावर संघ बदलायची वाट उघडली."

"आणि आता तिथं बडे खेळाडूच संघ हलवतात. मग संघ शहराचा की त्यांचा?"

"करार चालू असताना संघाला वेठीला धरणं मलाही पटत नाही. पण आपल्याकडे करार संपला तरी लिलावच. तीस लाखांच्या मूळ किमतीचा रणजीतला पोरगा, जास्त बोली लावेल त्याचा. संजूला निदान शब्द टाकता येतो, त्या पोराला कोण विचारतं?"

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे संजूचं बळ काढून घ्यायचं नाही."

"नाही. ते त्या पोरालाही द्यायचं. करार संपला आणि दोन संघांना तो हवा असेल, तर कुठं जायचं ते त्यानं ठरवायचं."

"आणि जडेजानं?"

"त्यानंही. २०१० मध्येसुद्धा."