काळा झगा आणि तिरंगी पट्टा

फेलिक्स किर हे १९४५ पासून १९६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत फ्रान्समधील दिजाँ शहराचे महापौर होते. ते कॅथलिक धर्मगुरूही होते. १९०१ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली होती. पायघोळ काळा झगा त्यांनी कधी उतरवला नाही. खासदार म्हणून संसदेतही ते तो घालूनच बसत. ज्याने बिशपच्या आज्ञेत राहण्याचे व्रत घेतले आहे, त्याने मतदारांनी दिलेली सत्ता हाती घ्यावी का, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीने उभा केला.

महाराष्ट्रात महापौरपद बव्हंशी मानाचे असते आणि कारभार आयुक्त पाहतात. फ्रान्समध्ये कारभार महापौरच चालवतो. शिवाय तिथे कायद्याचे लग्न नगरपालिकेतच लागते. तिरंगी पट्टा घातलेला महापौर किंवा त्याचा सहकारी वधूवरांना कलमे वाचून दाखवतो. चर्चमधला विधी त्यानंतर. घटस्फोटितांचे दुसरे लग्न चर्चला मान्य नाही, नगरपालिकेला मात्र ते लावावेच लागते. म्हणजे हा पेच केवळ वेषाचा नव्हता.

९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये राज्य आणि धर्मसंस्था वेगळ्या झाल्या. धर्मगुरू जिथे सेवा करतो त्या गावच्या नगरपरिषदेवर त्याने निवडून येऊ नये, अशी बंदीही त्यात होती, पण ती आठच वर्षांची. पुढे अडसर राहिला नाही. त्याच कायद्यानुसार जुनी पॅरिश चर्चे नगरपालिकांच्या मालकीची राहिली. धर्मगुरू महापौर झाला, तेव्हा या इमारतींची देखभालही त्याच्याच कचेरीकडे आली.

दिजाँकरांनी किर यांना निवडले ते धर्मोपदेशासाठी नव्हे. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य जवळ येताच निवडून आलेले महापौर शहर सोडून गेले. मागे उरलेल्या मोजक्या लोकांनी कारभार सांभाळला, त्यांत किर होते. फ्रेंच युद्धकैद्यांना छावणीतून पळून जायला मदत केल्याबद्दल त्यांना अटक झाली. जानेवारी १९४४ मध्ये त्यांच्यावर घरातच गोळ्या झाडल्या गेल्या, ते वाचले. हे धैर्य त्यांच्या श्रद्धेपासून वेगळे काढता येत नाही, आणि धर्म घरात ठेवूनच राजकारणात यावे असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

महापौर म्हणून त्यांनी ऊश नदीवर मोठा तलाव करून घेतला. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नगरपालिकेत पाहुण्यांना ते पांढऱ्या वाइनमध्ये कासिस या काळ्या फळाचे गोड मद्य घालून देत. त्या पेयालाही ‘किर’ हेच नाव पडले.

खरी कसोटी मार्च १९६० मध्ये लागली. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह दिजाँला येणार होते. किर यांनी दिजाँचे स्टालिनग्राडशी मैत्रीचे नाते जोडले होते, त्यामुळे स्वागताला त्यांनीच उभे राहणे ओघाने आले असते. पण कम्युनिस्टांशी हातमिळवणी करू नये असा रोमचा १९४९ चा हुकूम होता, आणि बिशपने मनाई केली. ख्रुश्चेव्ह आले तेव्हा महापौर शहरात नव्हते.

पक्षाचा आदेशही प्रतिनिधीला बांधतो, हे खरे. पण मतदार तो पक्ष पाहूनच मत देतो, आणि प्रतिनिधीला पक्ष सोडता येतो. दीक्षा जन्मभराची असते, आणि बिशपला दिजाँच्या मतदारांनी निवडले नव्हते. किर यांनी आज्ञा पाळली. धर्मगुरू म्हणून ते चुकले नाहीत, पण त्या दिवशी शहराचा प्रतिनिधी शहराच्या दारात नव्हता. दोष त्यांच्या सचोटीचा नव्हता. दोन व्रते एका माणसात मावत नव्हती.

चर्चही पुढे याच निष्कर्षाला आले. किर यांच्या काळातील १९१७ च्या धर्मसंहितेत बिशपच्या परवानगीने धर्मगुरूला संसदेत जाता येई. १९८३ च्या संहितेतील २८५ व्या कलमाने नागरी सत्तेत वाटा देणारे कोणतेही सार्वजनिक पद धर्मगुरूंना निषिद्ध केले.