तार, हाड आणि निमित्त

तारा लावल्या की दात सरळ होतात, असे सर्रास म्हटले जाते. या वाक्यातला खरा कर्ता तार की दात, हे मात्र क्वचितच विचारले जाते. भारतीय दर्शनांत उपादान, म्हणजे ज्यातून वस्तू घडते ते द्रव्य, आणि निमित्त, म्हणजे जे ती घडवून आणते पण स्वतः तिच्यात उतरत नाही ते, असा कारणांचा भेद प्रसिद्ध आहे; माती हे घटाचे उपादान आणि कुंभार हे निमित्त. तार ही निमित्तच आहे, यात शंका नाही. वाद आहे तो निमित्ताचा अधिकार किती, याचा.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि भोवतालचे हाड यांच्यामध्ये सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचा, तंतूंनी विणलेला एक बंध असतो. दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या खाचेतून ओवलेली तार दाताला रेटू लागली की एका बाजूचा बंध चेपतो आणि तेथे हाड झिजवणाऱ्या पेशी गोळा होतात. दुसऱ्या बाजूचा बंध ताणला जातो आणि तेथे नवे हाड घालणाऱ्या पेशी कामाला लागतात, त्यामुळे महिन्याला जेमतेम 1 मिलिमीटर सरकणाऱ्या दाताबरोबर त्याची खोबणीही सरकते. जोर वाढवला तर काम लवकर उरकेल, हा समज येथे सपशेल फसतो, कारण फार दाबलेल्या जागी रक्त पोहोचेनासे होऊन ऊतक मरते आणि तो मृत भाग साफ होईपर्यंत दात काही आठवडे जागचा हलत नाही. त्याहून बोलका दाखला इम्प्लांटचा, म्हणजे हाडात रोवलेल्या कृत्रिम दाताचा आहे. तो मधल्या बंधाशिवाय थेट हाडाला जुळलेला असल्याने तारेच्या ओढीने सरकत नाही, उलट इतर दात ओढण्यासाठी त्याचाच खुंटा करता येतो.

योगसूत्रांच्या कैवल्यपादात निमित्ताला प्रकृतीचे प्रवर्तक मानलेले नाही. शेतकरी पाणी हाताने ढकलत बसत नाही, तो बांध फोडतो आणि पाणी आपसूक खालच्या वाफ्यात उतरते. तसे निमित्ताचे काम अडसर दूर करण्यापुरतेच, असे तेथील प्रतिपादन आहे. इम्प्लांट पाहिला की हे पटते, कारण जेथे हाडाची तयारी नाही तेथे तारेचे काही चालत नाही. तरीही दृष्टांत पुरता जुळत नाही. पाण्याला उताराची दिशा आधीच असते, हाडाला मात्र सरळ दंतपंक्तीची मुळीच ओढ नसते. वर्षानुवर्षे अंगठा चोखणाऱ्या मुलाचे वरचे दात याच पेशी तितक्याच निष्ठेने पुढे आणतात. घडण्याची शक्ती हाडाची असली तरी दिशा बाहेरून येते, आणि दिशा देणाऱ्याला केवळ बांध फोडणारा म्हणणे हे त्याचे काम कमी लेखणे होय.

या ठिकाणी वैशेषिकांचा संस्कारविचार अधिक उपयोगी पडतो. त्यांनी संस्काराचे वेग, भावना, म्हणजे स्मृतीला कारण होणारा ठसा, आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानले. यांतला तिसरा म्हणजे वाकवलेल्या वस्तूला पूर्वस्थितीवर आणणारा गुण, ज्यासाठी अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात चटईचा दाखला आहे. (मराठीत संस्कार म्हटले की मुंज आणि घरचे वळण आठवते, गुंडाळलेली चटई कोणाच्या ध्यानीमनी नसते.) निकेल-टायटॅनियमची तार वेड्यावाकड्या दातांच्या रांगेत वाकवून अडकवली जाते, ती आपल्या मूळ कमानीकडे परतू पाहते आणि परतताना दातांना सोबत नेते. पण तोच गुण हिरडीतही आहे. हिरडीचे लवचीक तंतू वर्षभरापर्यंत ताणलेले राहून दाताला जुन्या जागेकडे ओढतात, आणि गोल फिरवून सरळ केलेल्या दाताला तर विशेषच. संस्काराने स्वभाव बदलतो का, असे विचारताना ही दोन परस्परविरुद्ध तत्त्वे धरली जातात. या उदाहरणात मात्र दोन्हीकडे संस्कारच आहेत, एक तारेतला आणि दुसरा हिरडीतला, आणि ज्याला स्वभाव म्हटले जाते तो त्यांतला केवळ आधीचा होय.

म्हणूनच तारा उतरवल्यावर लगेच रिटेनर, म्हणजे दातांना नव्या जागी धरून ठेवणारे साधन, दिले जाते. ज्यांनी जन्मात कधी तारा लावल्या नाहीत त्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटीवाटीने जवळ येत राहतात, त्यामुळे रात्रीपुरता रिटेनर अनेकांना वर्षानुवर्षे वापरावा लागतो.