वास मारणारी माणसं

यवतमाळच्या उन्हाळ्याला आम्ही जेवढे भितो, त्याच्या निम्मेही थंडीला भीत नाही. म्हणूनच डिसेंबर उजाडला की ती आमची फजिती करते. गेल्या डिसेंबरात न्हाणीघरातल्या गॅस गिझरनं संप पुकारला. नळ सोडला की नुसतं 'टक् टक् टक्'. पेटलाच तर पिवळा पेटायचा.

सुशिक्षित माणसाला वर्षातून एकदा दुरुस्तीचा झटका येतोच. मी सेल बदलले. पाण्याच्या वाटेवरची जाळी काढली. तिच्यातून क्षारांची एवढी पांढरी पूड निघाली की रांगोळी घातली असती. पाण्याचा दाब पुरेसा असल्याशिवाय गॅसची वाट उघडत नाही, हे तत्त्व मी आमच्या हिला समजावून दिलं. ती म्हणाली, "ते खरं, पण आंघोळीचं पाणी शेगडीवर ठेवू ना?"

आणि काय आश्चर्य, गिझर पेटला! मी दोन दिवस घरात मिरवलो. ज्योत अजून पिवळीच होती, पण विजयी माणूस रंग बघत नाही. गार वारा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा ठोकण्याची सुधारणाही माझीच. मुलगी म्हणाली, "बाबा, आंघोळ केली की डोकं जड होतं." मी म्हणालो, "बेटा, गणिताची परीक्षा जवळ आली की असंच होतं."

तिसऱ्या दिवशी गिझर पुन्हा रुसला. मिस्त्री बोलावला. त्यानं गिझरकडे नाही, आधी झरोक्याकडे पाहिलं.

"साहेब, हा पुठ्ठा कोन्या शहाण्यानं लावला?"

"मीच."

"तरीच!" त्यानं दोन्ही सेल काढून माझ्या हातावर ठेवले. "गिझर बाहेर गॅलरीत घ्या, मंग पेटवून देतो. इथं नाई."

मी दुप्पट पैसे देऊ केले. "पैसे घेईन हो साहेब, पन पोरीले काई झालं त?" असं म्हणून येण्याजाण्याचेही पैसे न घेता तो गेला. मला त्याचा भयंकर राग आला.

रात्री मात्र झोप लागेना. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं घाणेरडं द्रव्य मुद्दाम मिसळतात. तोच गॅस हवा कमी पडून अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि न्हाणीघराची कडी आतून लावलेली असते.

आता तुम्हीच सांगा, भला माणूस कोणता? आपलं काम गोड बोलून करून देणारा, की तोंडावर नाही म्हणणारा? जन्मभर मी पहिल्यालाच चहा पाजत आलो. लेकीशीही गोडच बोललो होतो. पण बिनवासाच्या त्या जातीत बसणारा घरात एकच होता, आणि तो मिस्त्री नव्हता. कडू बोलणारी माणसं मरकॅप्टनसारखी असतात. नाक मुरडावंसं वाटतं, पण जीव वाचतो.

सकाळी आधी पुठ्ठा काढला. मग लेकीला म्हणालो, "तुझं खरं होतं." हे वाक्य उच्चारायला जाळी काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आठवड्यानं गिझर गॅलरीत गेला. मिस्त्र्यानं काजळी साफ केली, ज्योत निळी झाली, आणि त्यानं मजुरी मात्र पुरेपूर घेतली. जाताना म्हणाला, "साहेब, आता जाळीले हात लावू नका."

मी दोन्ही हात पाठीमागे बांधूनच उभा होतो.